बॅटरीच्या दुकानावरचे इम्पोर्ट

कूलरच्या जाळीवर पाण्यातल्या क्षाराची खार चढते, ती कोणी आणून लावत नाही. पाणी जात राहतं, खार मागे राहते. किस्स्यांचंही तसंच आहे. माणसं जातात, किस्से जाळीला चिकटून बसतात.

आमची खोली दुर्गजवळच्या सुपेल्यात, एका बॅटरीच्या दुकानावर. आमचे मालक वानखेडे काका. इथल्या पोलादाच्या प्लांटच्या स्टोअरमधून रिटायर झाले आणि घरी बसून काकूंच्या डोक्याला ताप होण्यापेक्षा सॉफ्टवेअर काढू म्हणाले. शाळा आणि नेहरू नगरचे कोचिंग क्लास आमच्याकडून हजेरीचे, बसच्या याद्यांचे प्रोग्राम करून घेत. काम करणारे आम्ही तिघं: टिकेंद्र, मी आणि मनीषा.

आता दोघंच आहोत. मनीषा पुण्याला गेली. जायच्या आदल्या दिवशी मी तिला एक वाक्य बोललो, आणि त्यानंतर चार महिने तिचा फोन नव्हता. मी करायला हवा होता, माहीत आहे. उपदेश नको. किस्से ऐका.

* * *

कॉलेजमध्ये आमचे एक सर पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा डिक्टेट करायचे. हो, डिक्टेट! "लिहा. इम्पोर्ट इज अ कीवर्ड. खाली रेघ मारा."

मी विचारलं, "सर, एक फाईल दुसरीत इम्पोर्ट केली, म्हणजे मागवून घेतली, की ती पहिली फाईल चालते का?"

सर म्हणाले, "परीक्षेत येत नाही."

पाचव्या सेमिस्टरला मी कॉलेज सोडलं. बाबांनी महिनाभर जेवताना माझ्याकडे पाहिलं नाही. स्मृति नगरच्या शेजाऱ्यांना मात्र ते अजूनही सांगतात, "फायनल इयरला आहे." माझं फायनल इयर दोन वर्षं चाललंय!

सुपेल्याच्या खोलीत पहिल्याच दिवशी तोच प्रश्न मी मनीषाला विचारला. तिने एका फाईलमध्ये एकच ओळ लिहिली, स्क्रीनवर "आली" छापायची. दुसऱ्या फाईलमधून ती इम्पोर्ट केली. स्क्रीनवर आलं: आली.

"म्हणजे चालते," मी म्हणालो.

"आता हे पाय." तिने तीच इम्पोर्टची ओळ खाली पुन्हा लिहिली. दोनदा इम्पोर्ट. तरी स्क्रीनवर "आली" एकदाच.

"दुसऱ्यांदा कावून नाही आली?"

"एकदा आली ना, आता ती इथंच आहे. प्रोग्राम बंद होईपर्यंत कितीही हाका मार, ती म्हणते, मी काही गेली नाही कुठं."

मी सरांची वही काढली आणि त्या रेघेखाली लिहिलं, "परीक्षेत येत नाही, पण येते."

* * *

काकांचं सगळं आयुष्य नंबरात गेलं. स्टोअरमध्ये नंबरशिवाय नटसुद्धा मिळत नसे, आणि नंबर असला तरी काका लवकर देत नसत. त्यांनी हुकूम काढला, प्रत्येक फाईलच्या नावाआधी नंबर पाहिजे. 01_hajeri.py, 02_bus.py. आम्ही नावं बदलली. दुसऱ्या दिवशी एकही इम्पोर्ट चालेना.

मनीषा म्हणाली, "काका, नंबरानं सुरू होणारं नाव पायथॉनले इम्पोर्ट करता येत नाही. त्याले तो आकडाच वाटते."

काका खुर्चीत मागे टेकले. "त्याले सांग, हा स्टोअरचा नियम आहे."

"कोणाले सांगू?"

"पायथॉनले!"

मी काहीतरी उद्धट बोलणार होतो. मनीषाने टेबलाखालून माझ्या पायावर चप्पल ठेवली. मग गोड आवाजात म्हणाली, "काका, तुमचा नंबर ठेवतो. फक्त नावाच्या मागं ठेवतो. hajeri_01."

काका विचार करून म्हणाले, "चालते."

त्या संध्याकाळी एका क्लासवाल्याला ते फोनवर सांगत होते, "साहेब, नवीन पोट्टे घाबरतात. मी पायथॉनले एका दिवसात लाइनीवर आणलं!"

* * *

स्टोअरची दुसरी सवय, स्पेअर. तारीख वाचायची एक छोटी फाईल होती. काकांनी ती सातही शाळांच्या फोल्डरमध्ये कॉपी करून ठेवली. "एक खराब झाली तर सहा राहतील."

त्या फाईलमध्ये चूक होती. दिवस आणि महिना उलटे वाचले जात. आम्हाला कळलं, तेव्हा मी एका फोल्डरमध्ये दुरुस्त केलं आणि चहा प्यायला गेलो. उरलेल्या सहा कॉपी उलटंच वाचत राहिल्या. एका शाळेत प्रार्थनेच्या वेळी वाढदिवस सांगतात, यादी आमचीच. सात मार्चला जन्मलेल्या मुलीसाठी तीन जुलैला अख्ख्या शाळेने टाळ्या वाजवल्या. मुलगी हुशार. चुपचाप उभी राहिली आणि मार्चात राहून गेलेल्या टाळ्या घेतल्या.

शाळेचा फोन आल्यावर मनीषाने दोन दिवस बसून सातही कॉपी काढून टाकल्या. सगळ्यांसाठी एकच सामायिक पॅकेज बनवलं. नाव ठेवलं सामान. "ज्याले जे पाहिजे ते इथून मागून न्या. घरी साठा करू नका."

काकांनी विचारलं, "आणि हे एकच खराब झालं तर?"

"तर सगळ्यांचं एकदम खराब होईन, काका. आणि एकदमच दुरुस्त होईन."

काकांनी मान डोलावली. आठवड्याने कपाटात काही शोधताना मला रुमालात बांधलेला एक पेन ड्राइव्ह सापडला. वर चिठ्ठी: "सामान. स्पेअर."

* * *

टिकेंद्र दुर्गकडच्या खेड्यातला. माझ्यापेक्षा बरा माणूस, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं. काकांच्या मंडळाचा गणपतीतला कार्यक्रम छापायला त्याने एक प्रोग्राम केला आणि फाईलचं नाव ठेवलं calendar.py. त्याला पायथॉनचं स्वतःचं तयार कॅलेंडर वापरायचं होतं. त्याच फाईलमधून त्याने ते इम्पोर्ट केलं. एरर. त्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे मागवलेल्या फाईलमध्ये, असलं काही नाहीच म्हणे.

"अरे, मैं तो पायथन वाला कैलेंडर मँगा रहा हूँ!"

मनीषा म्हणाली, "तो पहिले आपल्याच फोल्डरमध्ये पाहते. घरात त्या नावाचं कोणी भेटलं, तर बाहेर कावून जाईन?"

टिकेंद्रचा चेहरा एकदम उजळला. "समझ गया! हमारे मोहल्ले में चार गुड्डू हैं. अम्मा 'गुड्डू' चिल्लाती है, तो जो सबसे पास हो वही आ जाता है. काम का गुड्डू कभी नहीं आता!"

काकांना हे फार आवडलं. पुढे वर्षभर कुठल्याही चुकीला ते विचारायचे, "काम का गुड्डू आला का नाही?"

* * *

माझं आणि मनीषाचं खरं भांडण एकदाच झालं, तेही इम्पोर्टवरून. बसचा भाग तिचा, हजेरीचा माझा. तिची फाईल माझी फाईल मागवायची. मी एका घाईच्या दुपारी माझ्या फाईलमधून तिची मागवली. पायथॉन तिची अर्धी वाचून माझ्याकडे आला, माझ्याकडून परत तिच्याकडे गेला, आणि ती तर अजून अर्धीच होती. सगळं ठप्प.

"तुझी ओळ काढ," ती म्हणाली.

"तुझी काढ. तुझी पहिले आली."

"म्हणूनच तुझी काढायची!"

संध्याकाळपर्यंत कोणीच आपली ओळ काढली नाही. दोघांचेही स्क्रीन लाल. शेवटी टिकेंद्र उठला, दोघांना जे जे लागत होतं ते उचलून त्याने तिसऱ्या फाईलमध्ये ठेवलं. "तुम दोनों का जो साझा है, मेरे पास रख दो. एक दूसरे से मत माँगो."

चाललं. मनीषा घरी जाताना जिन्यात थांबून म्हणाली, "तुझी काढली असती तरी चाललं असतं."

मी म्हणालो, "तुझी काढली असती तरीही."

मग दोघं हसलो. किती हसलो! खाली बॅटरीवाला विचारत होता, काय झालं म्हणून. ते जिन्यातलं हसणं मला अजून कुठे मिळालेलं नाही.

* * *

तिचे वडील रेल्वेत, दुर्गला. मूळचे नागपूरकडचे. पुण्याच्या नोकरीचं पत्र आल्यावर ते खोली पाहायला आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"आमच्या पोरीनं बॅटरीच्या दुकानावर आयुष्य काढाचं का?" हे काकांना. मग माझ्याकडे वळून, "तुमचं ग्रॅज्युएशन कोणत्या साली झालं?"

"नाही झालं."

"हं," म्हणाले. त्या एका "हं"मध्ये या गावातले सगळे मोठे लोक बसले होते. प्लांटवाले, रेल्वेवाले, आमचे बाबासुद्धा. यांना पोरांचं काम कधी दिसत नाही, फक्त सर्टिफिकेट दिसतं. काका तरी बोलतील असं वाटलं होतं. काकांनी त्यांना चहा विचारला!

राग त्यांच्यावर होता. निघाला तिच्यावर. शेवटच्या दिवशी ती सामान हे पॅकेज कसं वापरायचं हे एका फाईलमध्ये मराठीत लिहून ठेवत होती. म्हणाली, "निखिल, एकदा वाचून घे. काही अडलं तर मले विचारजो."

मी म्हणालो, "तुझ्याबिना इथं काही अडत नाही."

तिने फाईल सेव्ह केली, बॅग उचलली आणि गेली. दुसऱ्या दिवशी काका आणि टिकेंद्र दुर्ग स्टेशनवर गेले. मी खोलीत बसून सातही शाळांचे प्रोग्राम चालवून पाहिले. सगळे चालले. खरंच काही अडलं नाही. तिने लिहिलंच तसं होतं.

* * *

ती गेल्यावर महिन्याभराने एका शाळेत आमचा प्रोग्राम त्यांच्याच मशीनवर बसवला. दुसऱ्या दिवशी तिथल्या मुख्याध्यापकांचा फोन.

"वानखेडे साहेब, तुमचा कंप्युटर मले बसाले सांगून राहिला. मी तर बसलेलोच आहो!"

शोधलं. सामानच्या सुरुवातीच्या फाईलमध्ये, जी पॅकेज इम्पोर्ट होताच आपोआप चालते, मनीषाने जाता जाता एक ओळ टाकून ठेवली होती. कोणीही सामान मागितलं, की प्रोग्राममागच्या काळ्या खिडकीत, जी आमच्या मशीनवर नेहमी खाली दडवलेली असे, आधी उमटायचं: "या, बसा."

काका म्हणाले, "काढून टाक ते."

शाळेच्या मशीनवरून काढलं. आमच्या मशीनवर ती ओळ आहे. काका दोनदा म्हणाले, मी दोनदा विसरलो. तिसऱ्यांदा टिकेंद्र म्हणाला, "काका, इसको निकालेंगे तो कुछ टूट जाएगा." असं काही नसतं. एक ओळ छापणं थांबवल्याने काहीही तुटत नाही. काकांनी मात्र मान डोलावली आणि नंतर विषय काढला नाही.

* * *

मागच्या रविवारी दुपारी मी घरी होतो. बाबा पेपर वाचत होते. फोन वाजला. नाव पाहून मी उभाच राहिलो.

"कोण आहे?" बाबा.

"क्लायंट."

"रविवारचा?"

मी गच्चीवर गेलो. फरशी इतकी तापलेली की एका जागी पाय ठेववेना.

"निखिल, कामात आहे का?"

"नाही. बोल."

"एक विचाराचं होतं. मी एक पॅकेज टाकलं मशीनवर. टाकलं गेलं म्हणते. पण इम्पोर्ट केलं की म्हणते, मॉड्यूल सापडलंच नाही. असं कावून होत असन?"

ज्या मुलीने मला इम्पोर्ट शिकवलं, ती हे विचारत होती. मी पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसलो.

"मनीषा, त्या दिवशी मी..."

"पहिले हे सांग."

"बरं. मशीनवर दोन पायथॉन असतील. टाकलं एकात, चालवून राहिली दुसऱ्यातून."

"मग कसं पाहू?"

"पायथॉन कुठं-कुठं शोधते त्याची यादी असते. ती छापून पाय. पहिले तुझं स्वतःचं फोल्डर येईन, मग बाकीचे. तू जिथं टाकलं ती जागा त्या यादीत आहे का ते पाय."

"हळू सांग ना. एक-एक."

मी हळू सांगितलं. एक-एक. जे सरांनी कधी सांगितलं नाही ते, जे तिने मला सांगितलं होतं ते, आणि जे मला नंतर एकट्याने बसून कळलं ते सगळं. ती मध्येच "हं" म्हणायची, कधी "पुन्हा सांग" म्हणायची. खालून बाबांनी दोनदा हाक मारली. टाकीची सावली सरकून भिंतीपर्यंत गेली, तसा मीही सरकलो.

"झालं?" शेवटी मी विचारलं. "आता चालवून पाय. स्क्रीनवर काय दिसून राहिलं?"

"स्क्रीन कुठची? लॅपटॉप ऑफिसात आहे, आज रविवार ना. तू सांगत राह्य, मी ऐकून राहिली."