मागून कोन येतंय

सॉफ्टवेअरचं कोणतंही नवं पॅकेज घ्यायच्या आधी वनिता ठाकूर खुर्ची थोडी मागे सरकवायची आणि स्क्रीनला विचारायची, “बोलावलेला दिसतोय. त्याचे मागून कोन येतंय?” ऑफिसात ती आम्हा सगळ्यांसारखंच बोलायची; स्क्रीनशी बोलताना मात्र तिच्या तोंडी उरणजवळच्या तिच्या गावची बोली यायची. सानपाड्याच्या त्या ऑफिसात मी तिच्या शेजारी बसू लागले, तेव्हा सुरुवातीला मला वाटलं, ही बाई खरंच कुणाला तरी पाहते आहे.

आमच्याकडे एका कंटेनर यार्डाचं सॉफ्टवेअर होतं. कोणता कंटेनर कुठे ठेवायचा, कोणत्या ट्रकला फाटक उघडायचं, हे ते ठरवायचं. ते पायथन या संगणकाच्या भाषेत लिहिलेलं होतं, आणि पायथनमध्ये सगळं काही आपण लिहीत नाही. इतरांनी लिहून ठेवलेली पॅकेजं घेतो. आपण एक मागतो, ते मदतीला दुसरं आणतं, दुसरं तिसऱ्याला. कुणाला कुणाची कोणती आवृत्ती चालेल हे ज्यानं त्यानं सांगून ठेवलेलं असतं, आणि मशीन ते जुळवतं. मी मागितलेल्यांकडे बघायची. वनिता न मागता आलेल्यांकडे. त्यांच्यासाठी तिची एक वेगळी फाइल होती, कन्स्ट्रेंटची, म्हणजे मर्यादांची. ती काय करते असं मी विचारलं, तर म्हणाली, “याला आपन बोलवत नाय. पन आलाच, तर हाच येल, दुसरा नाय.”

न मागता आलेल्यांत तारखा वाचणारं एक छोटं पॅकेज होतं. दूर देशातल्या एका माणसानं ते एकट्यानं लिहिलं होतं. महिनाअखेरीच्या तारखा ते कधीकधी चुकीच्या वाचतं, असं वनितानं त्याला एकदा मेल करून कळवलं. त्याचं उत्तर आलं की तुमचं बरोबर आहे, पुढच्या वेळी नक्की दुरुस्त करतो. पुढे काहीच झालं नाही म्हणून तिनं आठवण केली, तेव्हा उत्तर त्याच्या बहिणीनं दिलं. तो वारला होता. त्या दिवशी वनितानं डबा उघडला नाही. कधी न पाहिलेल्या माणसासाठी एवढं कशाला, असं मी म्हटलं. ती म्हणाली, त्याचं काम रोज आपल्याकडे चालतंय की.

बरीच वर्षं ते पॅकेज होतं तसंच राहिलं. मग एका दुपारी, यार्डाला नवं सॉफ्टवेअर द्यायच्या दिवशीच, वनितानं मला अगदी हळू हाक मारली. स्क्रीनवर त्या पॅकेजच्या आवृत्तीचा आकडा वाढलेला होता. प्रसिद्ध करणारा म्हणून त्याच माणसाचं नाव होतं.

आम्ही दोघींनी ते उघडून वाचलं. बदल एकच होता. वनितानं कळवलेली चूक दुरुस्त केली होती, आणि खाली एक ओळ होती: उशीर झाला, माफ करा.

ही चूक आणखी कुणी कळवली असेल का, असं मी विचारलं. तिनं नाही म्हणून मान हलवली. ती तिनं फक्त त्यालाच कळवली होती, खासगी मेलमध्ये. तिनं लगेच बहिणीला विचारलं. तासाभरात उत्तर आलं की त्याचा लॅपटॉप कपाटात आहे, तो गेल्यापासून कुणी चालू केलेला नाही. माझ्या भावाचं नाव तुम्हाला आता कुठे दिसलं, असं बहिणीनंच उलट विचारलं होतं.

मॅनेजरांचं म्हणणं, दुरुस्ती चांगली आहे, यार्ड वाट बघतंय, घेऊन टाका.

“दुरुस्ती बरोबर हाय,” वनिता म्हणाली. मॅनेजरांशी ती प्रथमच त्या बोलीत बोलत होती. “करनारा कोन, ठावका नाय. नाय घ्यायचा.”

तिनं कन्स्ट्रेंटच्या फाइलमध्ये ओळ घातली, की जुनीच आवृत्ती. मशीननं नकार दिला. आम्ही मागितलेलं एक मोठं पॅकेज नुकतंच बदललं होतं, आणि त्याला आता तारखांच्या पॅकेजची नवीच आवृत्ती हवी होती. एका जागी दोन्ही आवृत्त्या नांदत नाहीत. मग वनिता त्या मोठ्या पॅकेजच्या एकेका आवृत्तीनं मागे जात राहिली, जुन्याला चालवून घेणारी सापडेपर्यंत. त्यामुळे आमचा काही भाग नव्यानं लिहावा लागला, यार्डाला उशीर झाला, मॅनेजर तिच्याशी बोलेनासे झाले.

काही दिवसांनी त्याच नावानं आणखी एक आवृत्ती आली. ती मशीनमधले पासवर्ड गुपचूप बाहेर पाठवत होती. ज्यांनी मर्यादा घातली नव्हती त्यांच्याकडे ती आपोआप शिरली. आरडाओरडा झाल्यावर पॅकेज काढून टाकलं गेलं. त्या नावामागे कोण होतं ते आजवर कळलेलं नाही. बहुधा कुणीतरी मेलेल्या माणसाच्या मेलमध्ये शिरून सगळं वाचलं होतं. वनिताचा मेलही.

पुढे आईच्या आजारपणामुळे वनिता नोकरी सोडून गावी गेली. शेवटच्या दिवशी तिला उरणच्या बसपर्यंत सोडायला गेले होते. तू त्या दिवशी जराही डगमगली नाहीस, असं मी म्हटलं. ती रस्त्याकडे बघतच म्हणाली,

“ती माफीची ओळ वाचली ना, तेव्हा मला आनंद झाला होता गं. वाटलं, विसरला नाय. मी घेनारच होते.”

मग बस आली आणि ती चढली. आता तिच्या जागेवर मी बसते. एखाद्या नव्या आवृत्तीखालची ओळ फारच आपलीशी वाटली, की कीबोर्डवरचे हात आधी मांडीवर घेते.