मुलगी, विवाहित, राहणार कारेगाव

आमचे हे गेले त्याला बारा वर्षं झाली. तेव्हा सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायला शिरूरच्या तहसील कचेरीत मी प्रतिज्ञापत्र करून दिलं. अठ्ठावन्न वर्षांची ती बाई, म्हणजे मीच, आठवली की हसू येतं. चौथी पास! अंगठा उठवणार नाही, सही करणार, म्हणून आदल्या दिवशी पेपरच्या कोऱ्या कडेवर नाव गिरवत बसलेली. कागदात काय लिहिलंय याची काळजी नाही, सही वळणदार यावी याची.

कागदात होतं, मला एकच मुलगा, दुसरा कोणी वारस नाही. साहेबांनी विचारलं, "शपथेवर सांगताय ना, मावशी?" बाईसाहेबांनी पदर सावरला आन् ठसक्यात सांगितलं, "व्हय."

मुलगी होती मला. कंपनीतल्या परजातीच्या मुलाशी लग्न करून कारेगावला राहत होती. 'ती आम्हाला मेली,' असं घरात म्हणायचो. तेच मी सरकारला लिहून दिलं.

यंदा मी नवं प्रतिज्ञापत्र करायचा हट्ट धरला. मुलगा म्हणाला, "आई, आता कशाला उकरतीस?"

"जायच्या आधी एकदा खरं बोलून बघते. जमतंय का ते."

कचेरीबाहेरच्या टायपिंगवाल्यानं विचारलं, "आजी, वय?"

"कागदावरचं सांगू का गुडघ्यांचं?"

तो हसला. पुढचं ऐकून त्याचा हात थांबला. "आधीचं खोटं होतं, असं लिहावं लागंल."

"लिही की. तवा तरणी होते, अक्कल नव्हती."

आत साहेबांनी सगळं मोठ्यानं वाचलं. मी शपथ घेतली. वळणाकडं न बघता सही केली.

बाहेर येऊन पायरीवर बसले. ओळखीतून मिळवलेल्या नंबरावर, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, मुलीला फोन लावला. तिनं ऐकून घेतलं.

"मला शेत नको, आई."

"नको तर नको. काय लिहिलंय ते तर ऐक." मी तिचं नाव वाचलं. मग पुढचं. "मुलगी, विवाहित, राहणार कारेगाव."

"विवाहित लिहिलंस?"

"व्हय. मीच सांगितलं तसं लिहायला."

ती हळूच म्हणाली, "हे मागच्या साली गेले गं. तुला कळवायचं तरी कसं?"

मुलगा गाडी घेऊन समोर उभा होता. मी त्याला हातानंच थांब म्हटलं. फोन कानाला तसाच धरून बसले. जावयाचं तोंडसुद्धा मी कधी पाहिलं नव्हतं. रडायचं तर कुठला चेहरा आठवून रडू?