फिटरमामूंची सात नंबरची खोली

फिटरमामू नसलेल्या भिंतीसुद्धा ओलांडत नसत. बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात कामगारांची पाडलेली चाळ आणि वर्कशॉप होतं; तिथं आम्ही उत्खनन सुरू केलं, तेव्हा वर नुसती बाभळीची झुडपं होती. त्या सपाट जमिनीवर मामू वळणं घेत चालायचे. "मॅडम, हितून नगं, भिंत हाय. दार तिकडून." ते थांबतील तिथं खणलं, की हातभर खाली उंबरा लागायचा.

निजामाविरुद्धच्या अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतर त्यांचे वडील गाव सोडून गिरणीत लागले. मामू पुढं तिथंच फिटर झाले. आम्ही बोलावलं नव्हतं, तरी रोज सकाळी हजर. एकदा भोकं पडलेल्या लोखंडी पत्र्यावर आमची दोन दिवस चर्चा चालली होती. मामू म्हणाले, "शेगडीची जाळी हाय. फुटली की समदे मागंच फेकायचे."

वर्कशॉपची तेलानं काळी पडलेली माती लागली, तेव्हा त्यांनी चिमूटभर हातात घेऊन हुंगली.

क्रांती चौकातले ओळखीचे लोक त्यांना हसायचे. खणायचं तर दौलताबादला खणा म्हणावं, इथं काय सापडणार? मामू म्हणायचे, "तिथं राजे ऱ्हायले, हितं आपण ऱ्हायलो. आपलं बी कुणीतरी बघाया पायजे का नाय?"

सात नंबरची खोली उघडी पडली. मामूंची बायको लग्न होऊन याच खोलीत आली होती. आता तिला जेमतेम दिसायचं, चालवतही नव्हतं. "बुजवायच्या आधी सांगा, मॅडम. तिला एकदा आणतो. हात लावून बघंल." मी म्हणाले, नक्की सांगते.

जागेच्या मालकाला घाई होती. खड्डे उद्याच बुजवणार, असं मला आदल्या दिवशी दुपारीच कळलं. मामू तापानं घरीच होते; त्यांच्या मुलाचा नंबर माझ्याकडे होता. पण नकाशे अर्धवट होते, त्यात म्हातारीला आणायचं, उतरवायचं. खरं सांगायचं तर मला ती अडचण वाटली. मी फोन केला नाही.

दोन दिवसांनी मामू स्वतःच तिला रिक्षातून घेऊन आले. ती इस्त्रीची साडी नेसली होती. सात नंबरवर रोलर फिरून गेला होता. मामूंनी जमिनीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी मान खाली घातली.

"क्या हुआ? खोली किदर है?" तिनं विचारलं.

"बुजा दिये," मामू म्हणाले. "मॅडम तो परसोंच बोले थे. मैंच भूल गया."

ती त्यांच्यावर चिडली. इतकी साधी गोष्ट लक्षात राहत नाही म्हणून रिक्षात बसेपर्यंत बोलत राहिली, आणि ते "हौ, गलती हुई" म्हणत तिला धरून चालत राहिले. मी तिथंच उभी होते. खरं सांगायला चार पावलं पुढं गेले असते तरी पुरलं असतं.