आक्काची फिरती सीट

आमच्या गाडीवर आख्खा साखर कारखाना पडला होता. ऊस, ट्रॉली, चिमणी, चेअरमन, सगळं. निदान निपाणीच्या स्टँडसमोर चहा पिताना मी तसंच सांगत होतो, आणि दर खेपेला चिमणीची उंची वाढत होती. झालं होतं एवढंच की कोगनोळीच्या अलीकडे, दिवस मावळताना, मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली रस्त्याकडेला उभी होती आणि मी तिच्या पाठीत जाऊन घुसलो. बॉनेट पापडासारखं दुमडलं. वरून दोन मोळ्या काचेवर आल्या. शेजारी आक्का बसली होती. तिला खरचटलंसुद्धा नाही. "गाडी बघ, मला काय बघतोस?" एवढंच म्हणाली.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. जिन्यावरून पडल्यापासून तिचा एक पाय गुडघ्यात वाकत नाही. तिला कुठल्याही गाडीत बसवायचं म्हणजे अरुंद जिन्यातून कपाट उतरवायचं. तीन माणसं लागतात, आणि तिघांनाही शिव्या बसतात. म्हणून निपाणीतल्या एका वेल्डरनं आमच्या गाडीची पुढची डावी सीट ट्रॅक्टरच्या जुन्या बेअरिंगवर बसवून दिली होती. खालचा दांडा ओढला की खट्ट आवाज व्हायचा आणि सीट दाराबाहेर तोंड करून फिरायची. आक्का त्यावर टेकायची, दांडा ओढायची आणि पालखीत बसल्यासारखी आत वळायची. कुणाचा हात नको, कुणाचा खांदा नको.

तो वेल्डर पुढं दुकान विकून पोराकडं पुण्याला गेला. दुसऱ्या कुणाला विचारलं तर सगळ्यांचं एकच उत्तर. नव्या गाडीत सीटखाली एअरबॅगच्या वायरी असतात, आम्ही हात लावणार नाही. म्हणजे ही गाडी गेली की आक्काचं बाहेर पडणं गेलं. आणि आक्काचं बाहेर पडणं म्हणजे निपाणीचा आठवडी बाजार. तिथं ती दारातल्या सीटवर बसून घासाघीस करायची. तिला लांबून बघितलं की भाजीवाले तराजू झाकून ठेवायचे.

गाडी ओढून गॅरेजला नेली तेव्हा खर्चाचा आकडा काढायला मी आणि मिस्त्री बसलो. मिस्त्री माझा शाळेतला दोस्त. तो म्हणाला, "विम्याचा सर्व्हेअर आला की निम्मं कापतोय. सगळ्यांचं कापतोय."

मी आक्काला फोन लावला. तिकडून क्षणाचाही उशीर न होता हुकूम आला, "मग दुप्पट सांग की! बाजारात पयल्यांदा आलायस व्हय रं?"

आम्ही दुप्पट केलं. मिस्त्रीनं इंजिन धरलं, डॅशबोर्ड धरला, चाशी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, तोही धरला. उजवा मागचा दिवासुद्धा धरला, ज्याला ट्रॉलीचं दर्शनही झालं नव्हतं. सर्व्हेअर धारवाडकडचा, बारीक, मितभाषी माणूस. त्यानं फोटो काढले आणि अपघात कसा झाला ते विचारलं. मला असा प्रश्न विचारणं म्हणजे धरणाचं दार उघडणं. मी कारखाना पाडला, चिमणीसकट. तो प्रत्येक वाक्याला कानडीत "हौदा", म्हणजे "हो का", म्हणत राहिला आणि निघून गेला.

मग त्याचा फोन आला. "तुमची गाडी टोटल लॉस बसते."

त्यानं काहीच कापलं नव्हतं. आम्ही सांगितलेलं सगळं खरं मानलं होतं. दुरुस्तीचा खर्च विम्याच्या किमतीच्या पाऊणपटीवर गेला की कंपनी गाडी दुरुस्त करत नाही. गाडी भंगारात जाते, तिची आरसी रद्द होते आणि ती पुन्हा रस्त्यावर येत नाही. त्याला माझी संमतीची सही हवी होती आणि दोन्ही किल्ल्या.

मी आक्काला सांगितलं. ती वाटाणे सोलत होती. "त्यानं कमी कर म्हटलंच न्हाय?" तिनं विचारलं. "एकदाबी न्हाय? कसला माणूस म्हणायचा!" मग बराच वेळ ती वाटाणे सोलत राहिली आणि दाणे टरफलांच्या ढिगात टाकत राहिली. त्या आठवड्यात तिनं बाजाराचं नाव काढलं नाही. बायकोनं विचारलं तर म्हणाली, "काय करायचाय बाजार? घरात हाय की सगळं."

आक्काच्या तोंडून असलं समाधान मी जन्मात ऐकलं नव्हतं. अंगावर काटा आला.

दुसऱ्याच दिवशी भंगारवाले गाडी बघायला आले. बैलाचे दात बघावेत तसे तिची दारं उघडून बघत होते. त्यातल्या एकानं डावं दार उघडलं आणि मी मध्ये जाऊन उभा राहिलो. सर्व्हेअरला फोन करून मी म्हणालो, "साहेब, एकदा परत बघा. आमचं जरा जास्त झालंय."

मग तो म्हणाला, "शनिवारी येतो री. पण किल्ल्या तयार ठेवा."

सीटचं बोलायचं नाही असं आमचं ठरलं. गाडीत न कळवता केलेला बदल म्हणजे विमा कंपनीला आयतं निमित्त. दुरुस्ती राहिली बाजूला, हातात दमडीही येणार नाही, असं मिस्त्रीनं बजावलं होतं. आक्का मात्र यायचं म्हणून हटून बसली. शेवटी शेजाऱ्याच्या मालाच्या टेंपोत प्लास्टिकची खुर्ची दोरीनं बांधली, त्यावर आक्काला बांधली आणि गॅरेजला आणली. रस्त्यानं लोक नमस्कार करत होते. मिरवणूक आहे असं त्यांना वाटलं असणार.

सर्व्हेअर आला आणि सौदा सुरू झाला. उलटा सौदा.

"इंजिन?" त्यानं विचारलं.

"इंजिनला काय झालं न्हाय, साहेब," मिस्त्री म्हणाला.

"गेल्या वेळी हललंय म्हणाला."

"हललं व्हतं. परत बसलं."

"डॅशबोर्ड?"

"धुळीनं तसा दिसत व्हता," आक्का खुर्चीतून म्हणाली. "पुसला की झालं."

"आणि मागचा दिवा?"

आम्ही तिघांनी तीन दिशांना बघितलं.

सर्व्हेअरनं पेन खिशात ठेवलं. "इतकी वर्षं काम करतोय. लोक वाढवायला भांडतात. तुम्ही कमी करायला भांडताय. या गाडीत आहे काय?"

सर्व्हेअर वाकला आणि गाडीत शिरला. मागची सीट उचलून बघितली. डिकीतला पत्रा ठोकून बघितला. कोगनोळीच्या नाक्यावर दारू पकडताना पोलीस बघतात तसं. मग तो डाव्या सीटशी आला, मोबाईलचा उजेड खाली मारला आणि तिथंच थांबला.

"हे वेल्डिंग कसलं? इथं काय लपवता?"

मी तोंड उघडलं. एकदम झकास गोष्ट तयार होती माझ्याजवळ. त्या सीटखाली जुना जॅक होता, तो गंजून... पण आक्कानं माझ्याकडं असं बघितलं की गोष्ट घशातच बसली.

"मला सोड," ती म्हणाली.

मी दोरी सोडली. ती काठी टेकत गाडीपाशी गेली. "सरका, साहेब." तिनं दांडा ओढला. खट्ट. सीट बाहेर आली. ती टेकली, दांडा ओढला आणि आत वळली. फुटलेल्या काचेसमोर सरळ बघत बसली.

"मीच दुप्पट सांगायला लावलं," ती म्हणाली. "मला वाटलं तुमी कापशिला."

आता हा माणूस एका वाक्यात गाडीही संपवणार होता आणि विमाही.

"अपघातात इथं कोण होतं?"

"मीच की."

"सीट सुटली?"

"हललीबी न्हाय."

तो पुन्हा खाली वाकला. एकेक बोल्ट हातानं धरून हलवला. उभा राहून म्हणाला, "याचा धडकेशी संबंध नाही, एवढंच लिहितो. याचा पैसा मिळणार नाही. आता खरं काय मोडलंय ते बघू. चाशी वाकली असेल तर अक्का, माझ्या हातात काही नाही."

मिस्त्रीनं पुढचं सगळं उघडलं. सर्व्हेअरनं टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि चाशी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तिरकी मोजली, आधी एकीकडून, मग दुसरीकडून. दोन्ही आकडे जुळले तर चाशी सरळ. पहिल्या मापाला जुळले नाहीत. मी श्वास सोडला तो परत घ्यायचं विसरलो. "टेप ढिली धरलीय तुम्ही," तो म्हणाला. पुन्हा मोजलं. माझ्या बोटांना टेपची धार लागली तरी मी सोडली नाही.

"जुळतंय," तो म्हणाला. मग मिस्त्रीकडं बघून, "आता कागद नवा करा. खरा करा. पाऊणपटीच्या आत बसंल वाटतं." जाताना सीटवर हात ठेवून म्हणाला, "हे आरटीओत दाखवून आरसीवर चढवा. पुढच्या वेळी मी असेनच असं नाही."

बसलं ते, अगदी काठावर. आरटीओत सीट चढवायला मला जे हेलपाटे पडले तेवढ्यात काशीला जाऊन आलो असतो, पायी. पण चढली.

पहिल्या बाजाराला गाडी नेहमीच्या जागी लावली. वांगीवाल्यानं नवं बॉनेट बघून विचारलं, "काय झालतं, आण्णा?"

मी बाह्या सरसावल्या. "अरे, आख्खा साखर कारखाना..."

खट्ट. सीट बाहेर आली.

"निम्मं कर रं," आक्का म्हणाली. आणि वांगीवाल्याकडं वळून, "आणि तूबी कर. कशी दिलीस वांगी?"