सुट्टीचा पहारा

आमच्या घरासमोरच्या डाळमिलचा पहारेकरी एरवी खुर्चीवरून हलत नाही. लातुरात मतदान होतं त्या दिवशी मात्र तो बसतच नव्हता. मिलला पगारी सुट्टी, फाटकाला कुलूप. त्याचं मत देवणीला होतं, आणि मत देऊन येतो म्हणून सकाळी गेलेला बदलीचा माणूस अजून परतला नव्हता.

तो रस्त्यापर्यंत यायचा, डोळ्यांवर हात धरून लांब बघायचा, परत जाऊन उगाच कुलूप ओढून बघायचा. खाकी शर्टाची बटणं उघडी होती. आत इस्त्रीचा पांढरा सदरा दिसत होता.

दुपारी मी मत देऊन आलो. त्यानं आधी माझ्या बोटावरची शाई बघितली.

“तुम्हाला सुट्टी नाही का?” मी विचारलं.

“समद्यांना सुट्टी हाय सर, म्हणून तर मला हितं ऱ्हावं लागतंय. मिल चालू असती तर कुणालाबी फाटकावर बसवून गेलो असतो.”

घरात येऊनही मला बसवेना. खिडकीतून बघत राहिलो. देवणीची बस समोरून गेली. त्यानंतरच्या गाडीनं वेळेत पोचणं शक्य नव्हतं. बस वळेपर्यंत तो उभा राहिला. मग खाली मान घालून खाकी शर्टाचं एकेक बटण लावत गेला, तेवढ्या उन्हात, अगदी गळ्यापर्यंत.