सामाजिकच्या बादलीतला गॅस

आमचा ऑफिसप्रमुख तारेक याने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला आणि म्हणाला, "वाच. मोठ्याने नको."

क्लायंटचा ईमेल होता. चारच ओळी. आदल्या दिवशी त्यांच्या संचालकांची बैठक झाली होती. ऑस्ट्रेलियातल्या निवडणुकीत गॅसबद्दल एवढं मोठं धोरण जाहीर झालंय, ते आपल्या रोजच्या अहवालात का नाही, असं एका संचालकाने तिथे विचारलं होतं. त्याने स्वतः ते विमानात मिळालेल्या वर्तमानपत्रात वाचलं होतं. शेवटची ओळ अशी: अकरा दिवसांत एकही उल्लेख नाही. कारण कळवावे.

मी ती तीनदा वाचली.

"हे शक्य नाही," मी म्हणाले.

"मलाही तसंच वाटलं. म्हणून सगळे अहवाल उघडून बघितले. शक्य आहे."

आमचं काम काय, ते आधी सांगते. दोह्यात अल नस्र भागात आमचं छोटं ऑफिस आहे. जगभरची वर्तमानपत्रं, रेडिओ, टीव्ही यांत आमच्या क्लायंटच्या कामाचं काय येतं, ते आम्ही रोज गोळा करतो. याला मीडिया मॉनिटरिंग म्हणतात. मिळालेल्या प्रत्येक तुकड्याला क्लिप म्हणायचं, जुन्या भाषेत कात्रण. प्रत्येक क्लिपला विषय ठरवून द्यायचा, याला कोडिंग म्हणायचं. विषयांचे जे कप्पे असतात त्यांना इंग्रजीत बकेट म्हणतात. आमच्या टीममधली स्नेहल त्यांना बादल्या म्हणायची, आणि हळूहळू केरळची आणि मनिलाची माणसंसुद्धा 'बाल्दी, बाल्दी' करायला लागली होती.

हा क्लायंट गॅसच्या व्यापारातला. कतार गॅस विकतो, ऑस्ट्रेलियाही विकतो, गिऱ्हाइकं बरीचशी तीच. त्यामुळे तिथे कोण निवडून येतो यापेक्षा कोण गॅसचं काय करणार म्हणतो, हे इथल्या लोकांना रोज सकाळी हवं असतं. ऑस्ट्रेलियाची घड्याळं आमच्या सात तास पुढे. आम्ही सहाला कामाला बसायचो तेव्हा तिकडे जेवणं होऊन नेते दुसऱ्या गावात पोचलेले असायचे. आठ वाजता अहवाल जायचा.

प्रचार सुरू होण्यापूर्वी मी टीमसाठी कोडबुक तयार केलं होतं. कोणता शब्द आला की कोणत्या बादलीत, याची ती वही. तिथल्या फसव्या शब्दांची मी वेगळी यादी दिली होती. एका मोठ्या पक्षाचं नाव उदारमतवादी असलं तरी तो उजवीकडचा आहे. 'कोएलिशन' म्हणजे निकालानंतर जमवलेलं कडबोळं नाही, ती वर्षानुवर्षांची आघाडी आहे. 'प्रेफरन्स' म्हणजे आवडनिवड नाही, मतपत्रिकेवर मतदार लिहितो तो पसंतीक्रम. मी एम.ए. इंग्रजीत केलं आहे. शब्दांच्या बाबतीत मी चुकत नाही, असा माझा समज होता.

मग माझा धाकटा भाऊ गेला. मी दोन आठवडे नाशिकला होते. परत येऊन जेमतेम आठवडा झाला होता. भावाबद्दल बोलताना 'आहे' म्हणायचं की 'होता', यात माझी अजून चूक होत होती.

विरोधी आघाडीने जाहीर केलेलं धोरण असं होतं: देशात निघणाऱ्या गॅसचा काही वाटा परदेशी न विकता देशातच राखून ठेवायला कंपन्यांना भाग पाडायचं. वीज स्वस्त होईल, असं त्यांचं म्हणणं. सत्ताधाऱ्यांचं म्हणणं, हे नुसतं दाखवण्यापुरतं आहे. रोज यावर चर्चा होत होती. आमच्या गॅसच्या बादलीत दुसऱ्या बातम्या रोज पडत होत्या, त्यामुळे अहवाल भरलेला दिसायचा. भोक कुणाला दिसलंच नाही.

मी सिस्टिममध्ये शोध घेतला. क्लिप आल्याच नाहीत, अशी माझी अपेक्षा होती. तसं असतं तर दोष सॉफ्टवेअरवाल्यांचा.

क्लिप आलेल्या होत्या. सगळ्या. अकरा दिवसांच्या, एकही न सुटता. त्या 'सामाजिक धोरण' या बादलीत होत्या. शाळा, पाळणाघरं, आदिवासींचे प्रश्न, यांच्या शेजारी गॅसच्या बातम्या ओळीने बसल्या होत्या. ही बादली क्लायंटला जातच नाही. महिन्याच्या शेवटी आम्ही नुसती तिची मोजदाद करतो.

तारेक माझ्या खांद्यावरून बघत होता.

"कुणी टाकल्या?"

सॉफ्टवेअरमध्ये नियम घालता येतो. अमुक शब्द दिसला की क्लिप आपोआप तमुक बादलीत. एक क्लिप एकाच बादलीत जाते आणि सगळ्यात नवा नियम सगळ्यात आधी लागतो. मी तो नियम उघडला. शब्द: रिझर्व्हेशन पॉलिसी. बादली: सामाजिक. खाली आद्याक्षरं स्नेहलची.

"खलास," तारेक म्हणाला. "गुरुवारी तिला काढल्याचं पत्र निघेल."

"आधी तिला विचारू तरी."

"विचार. पण क्लायंटला कारण हवंय, आणि कारणाला नाव लागतं."

स्नेहल मूळची लातूरची. सहा वर्षं आमच्याकडे. तिच्या नवऱ्याची कंपनी हिवाळ्यात बंद पडली होती, आणि आता नवरा आणि दोन मुली यांचे रेसिडेन्सी परमिट तिच्या नावावर होते. तिची नोकरी गेली की चौघांना देश सोडावा लागणार. हे मला माहीत होतं. तारेकलाही माहीत होतं.

केबिनमध्ये तिने खाली बघून सगळं ऐकून घेतलं. तारेकने विचारलं, नियम तू घातलास? ती म्हणाली, येस सर. का घातलास? ती म्हणाली, सॉरी सर. तारेकने हात उडवले.

मी तिला पँट्रीत गाठलं. ती करक चहाचा कप नुसताच हातात धरून उभी होती.

"स्नेहल, गॅसची बातमी सामाजिकमध्ये? तुझ्यासारखीने?"

"ताई, तेव्हा बातमीत गॅस नव्हताच. रेडिओवरच्या बोलण्यातला एक तुकडा होता. नुसतं 'त्यांची रिझर्व्हेशन पॉलिसी' एवढंच. मला कळंना, म्हणून विचारलं."

"कुणाला?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग कप ठेवला.

"तुम्हालाच की."

"मला? कधी?"

"जाऊ द्या ताई."

"जाऊ द्या काय? दाखव."

तिला दाखवायचं नव्हतं. मी हात पुढे करून उभी राहिले, तेव्हा तिने फोन दिला. तिचा मेसेज होता: "ताई, सॉरी, अशा वेळी विचारायले. रिझर्व्हेशन पॉलिसी म्हणून येऊ लागलंय. कुठल्या बादलीत टाकू?" खाली माझं उत्तर होतं, दोन मिनिटांच्या आत: "रिझर्व्हेशन म्हणजे सामाजिकच. यात विचारायचं काय? नियम घालून टाक."

मला हे लिहिलेलं आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. तारीख आठवली. तो दहाव्याचा दिवस होता. नदीवरून आम्ही घरी आलो होतो. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर काका, मामा, भावाचे मित्र बसले होते आणि कुणीतरी आरक्षणाचा विषय काढला होता. महाराष्ट्रात चार माणसं बसली की तो निघतोच. कुणाला मिळालं, कुणाचं गेलं, कोर्टात काय होणार. मी दाराशी बसून ऐकत होते, किंवा ऐकतही नव्हते. फोन वाजला असणार. ऑस्ट्रेलियातही मूळचे आदिवासी आहेत, हे मला माहीत होतं. बाकीचं त्या खोलीने भरून काढलं.

अडलेला शब्द मी कोशात बघते. हा माझा रोजचा शब्द होता, त्यामुळे बघायचं सुचलंच नाही.

"हे तू साहेबांना का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"काय सांगू? भाऊ गेलेल्या बाईने चुकीचं सांगितलं म्हणून?"

"तुझी नोकरी जातेय, स्नेहल."

"ते कळायलंय मला," ती म्हणाली. मग जरा चिडूनच म्हणाली, "आणि मी तरी काय, नियम घातल्यावर एकदासुद्धा बादलीत डोकावले नाही. तुम्ही सांगितलं म्हणजे बघायचं कशाला? तुमचं कधी चुकलंय का?"

मी लगेच तारेककडे गेले, असं लिहायला आवडलं असतं. मी जागेवर जाऊन बसले. दुपारपर्यंत क्लिप कोड करत राहिले. माझं वय चोपन्न आहे. या वयात दोह्यात दुसरी नोकरी मिळत नाही. स्नेहल बोलणार नव्हती आणि तो मेसेज आम्हा दोघींच्याच फोनवर होता. हे सगळं मी त्या तीन तासांत नीट मांडून बघितलं. आपण असं मांडून बघू शकतो, याचा धक्का मला त्या मेसेजपेक्षा मोठा बसला.

अडीच वाजता मी तारेकच्या टेबलावर माझा फोन ठेवला आणि मेसेजचं इंग्रजी करून सांगितलं.

त्याने मेसेजची तारीख बघितली. मग म्हणाला, "तू रजेवर होतीस."

"हो."

"रजेवरून कामाचं उत्तर कोण देतं?"

"मी."

"मेधा, ऐक. क्लायंट तुला ओळखतो. तिला ओळखत नाही. तिचं नाव दिलं तर एक माणूस जातो. तुझं दिलं तर काम जाऊ शकतं. फोन उचल. मी काही पाहिलं नाही."

"मी खुलाशाच्या कागदात लिहिलंय."

"काय लिहिलंय?"

"कोडबुक माझं, उत्तर माझं, चूक माझी. तिने विचारलं होतं. विचारायचं तेवढं तिने केलं."

तो काहीतरी अरबीत पुटपुटला. मग म्हणाला, "यल्ला, चल तर. उद्या तू स्वतः ये आणि त्यांना सांग. मी हे सांगणार नाही, मला हसतील."

क्लायंटच्या बाजूने खालिद म्हणून एक अधिकारी होता, चाळिशीचा, शांत. वेस्ट बेमधल्या त्याच्या ऑफिसात त्याने आम्हाला कॉफी दिली आणि माझा कागद वाचला. मग त्याने विचारलं, "तुमच्या देशात या शब्दाचा अर्थ काय?"

मी सांगितलं. शिक्षणात आणि सरकारी नोकऱ्यांत काही समाजांसाठी जागा राखून ठेवतात, ते.

"म्हणजे राखून ठेवणंच," तो म्हणाला. "अर्थ बरोबरच होता. कुणासाठी काय, ते विचारायचं राहिलं."

"हो."

"उत्तर दिलंत तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

भावाच्या दहाव्याला, असं मी सांगितलं. तो खुर्चीतून उठला. उजवा हात छातीवर ठेवून म्हणाला, "अल्लाह यरहमू." देव त्याच्यावर दया करो. तारेकही उठला. मी बसूनच राहिले. परत आल्यापासून माझ्या भावासाठी कुणी उभं राहिलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

मग खालिद बसला, कागद फाइलमध्ये ठेवला आणि त्याच आवाजात म्हणाला, "काम तुमच्या कंपनीकडेच राहील. पण यापुढे आमच्या अहवालावर तुम्ही नको."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. तारेकने माझ्याकडे बघितलं नाही, तेव्हा कळलं की झाली नव्हती. लिफ्टमध्ये तो एवढंच म्हणाला, "मी तुला सांगितलं होतं."

स्नेहलला लेखी ताकीद मिळाली. पत्र निघालं नाही. मतदानाच्या शनिवारी, आमच्या सुट्टीच्या दिवशी, टीम पहाटेपासून बसली होती आणि निकालाचा अहवाल तिच्या सहीने गेला. मी अल हिलाल भागातल्या माझ्या घरी होते. कोण जिंकलं, ते मी इतरांसारखं बातम्यांत बघितलं.

आता माझ्याकडे हॉटेलं आणि विमान कंपन्यांच्या क्लिप असतात. कोडबुक स्नेहल सांभाळते. बदल केला की वरिष्ठ म्हणून माझी मंजुरी लागते, तेवढं राहिलं आहे. गेल्या आठवड्यात तिने एक नवा नियम इंग्रजीत लिहून पाठवला: रजेवर असलेल्या व्यक्तीला शब्दाचा अर्थ विचारू नये. तिने आपण होऊन सांगितल्यास तो ग्राह्य धरू नये, व्यक्ती कितीही वरिष्ठ असो.

तिचं इंग्रजी अजून थोडं कच्चं आहे. मी एक स्वल्पविराम घातला आणि मंजूर केलं.