झुलतं कास्टिंग

कागलच्या एमआयडीसीत नोकरीला लागलो, तेव्हा न्यूटनचे तिन्ही नियम मला तोंडपाठ होते. पहिल्याच आठवड्यात क्रेनला टांगलेलं अर्ध्या टनाचं कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेला लोखंडी भाग, नेताना मी स्टॉपचं बटण दाबलं. क्रेन थांबली, पण कास्टिंग कसलं थांबतंय! ते तसंच पुढे झुलत गेलं आणि माणसं बाजूला पळाली. तिथल्या जुन्या क्रेनवाल्या मामांनी माझ्या हातातला रिमोट हिसकावला. कास्टिंग पुन्हा पुढे झुललं, तशी त्यांनी क्रेनही पुढे घेतली आणि बरोबर त्याच्या डोक्यावर नेऊन थांबवली. झोका तिथंच संपला.

"त्येला अडवायचं न्हाय, गाठायचं," मामा म्हणाले.

जडत्वाच्या व्याख्येला मला पैकीच्या पैकी मार्क होते. ते परत करावेसे वाटले.